सगळ्यांची पत्रकं सारखीच असली, तरी...

पुण्याच्या वाघोलीतल्या महापालिका निवडणुकीच्या सगळ्याच उमेदवारांच्या पत्रकांत पाणी, रस्ते, मेट्रो हेच आहे, मग निवडायचं कसं, असा प्रश्न इथे कुणीतरी विचारला आहे. तो अगदी रास्त आहे. माझ्यापुरती मी एक युक्ती काढली आहे. "काय करणार" हे विचारायचंच नाही, "यातलं नगरसेवकाच्या हातात काय आहे" एवढंच विचारायचं.

मेट्रोचंच घ्या. रामवाडी ते वाघोली मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्यात नगरसेवकाचा काय संबंध? २०२२ च्या मार्चमध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच होता, म्हणजे तेव्हा पुणे महापालिकेत नगरसेवक नव्हतेच! तरी फ्लेक्सवर अभिनंदन स्वतःचंच.

पाण्याचं मात्र खोदून विचारा. आपलं गाव ३० जून २०२१ ला बाकीच्या २२ गावांसोबत महापालिकेत आलं. तरी टँकर सुटलेला नाही. पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवू, असं बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं. ते पाळलं जातंय का, हे सभागृहात कोण विचारणार? आमच्या सोसायटीत आलेल्या एका उमेदवाराला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, "काका, आधी निवडून तर द्या." दुसऱ्या एका बाईंनी निदान वही काढून सोसायटीचं नाव, टँकरची संख्या लिहून घेतली. माझं एक मत तिथेच पक्कं झालं.

आणि हो, आपल्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे आहेत. उद्या एक दुसऱ्याकडे बोट दाखवणार. कुठला भाग कोण बघणार, हे आत्ताच चौघांकडून लिहून घ्या.