मालिकेतलं काम आणि मदतकार्य, दोन्ही जमतं का?

वाशिष्ठीकाठ: माझी भाची मुंबईत मालिकांत काम करते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ती चिपळुणात आली नि बाजारपेठेतल्या दुकानांतला गाळ उपसायला लागली. कुणी सेल्फी मागितला की त्याच्याच हातात घमेलं द्यायची! आता तिला मुख्य भूमिका मिळालीय. आमची ताई म्हणते, "एक काय ते धर." मला नाही पटत. कुणाला अनुभव?

देवगडकर: हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न १९८८ मध्ये युनिसेफसाठी इथिओपियाला गेली, १९९२ मध्ये सोमालियाला. पण तोवर तिचे सिनेमे जवळजवळ थांबलेच होते. शबाना आझमी मात्र १९८६ मध्ये, ऐन भरात असताना, मुंबईतल्या झोपडीवासीयांसाठी उपोषणाला बसल्या होत्या. तेव्हा जमतं.

पडद्यामागे: सिनेमाचं वेगळं हो. मी मालिकांचं शेड्यूल लावतो. रोजची मालिका म्हणजे बारा-बारा तासांची शिफ्ट. पूर काय तारीख घेऊन येतो? एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, असेल तर दोन दिवस सुटतात, नाहीतर कथा दुसऱ्या पात्राकडे वळवावी लागते, आणि त्याला चॅनेल सहजी तयार होत नाही. करारावर सही करण्याआधीच बोलून घेऊ दे. शिवाय पाणी ओसरल्यावरचं काम घ्यावं: विहिरींचा उपसा, भिजलेल्या कागदपत्रांचे अर्ज. तोवर गर्दी पांगलेली असते.

वाशिष्ठीकाठ: अर्जांचं बेस सुचवलंत, अक्षर चांगलंय तिचं. ताईशी बोलतो.