'रिसोर्स आयसोलेशन'ला 'विलगीकरण' म्हणावं का?

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठी कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक सर्व्हरवर प्रोग्राम वाटून चालवणाऱ्या प्रणालीवर, मराठीत टिपणं लिहितोय. एकाच सर्व्हरवर अनेक कामं चालतात, तेव्हा एकानं दुसऱ्याची मेमरी किंवा सीपीयू खाऊ नये म्हणून जी व्यवस्था असते, तिला 'विलगीकरण' लिहिलं. पण २०२० नंतर हा शब्द वाचला की हातावरचा शिक्काच आठवतो. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : मला अडचण वेगळीच दिसते. 'आयसोलेशन' या एका नावाखाली लिनक्समध्ये दोन कामं चालतात. नेमस्पेस आडपडदा धरतात, त्यामुळे शेजारच्या कंटेनरमधल्या, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या कप्प्यातल्या, प्रोसेस (चालू कामं) दिसतच नाहीत. इथं 'विलगीकरण' शोभतं. सीग्रुप मात्र काही लपवत नाहीत, कोणाला किती मिळणार एवढंच ठरवतात. गूगलमध्ये २००६ साली हे काम सुरू झालं तेव्हा नाव होतं 'प्रोसेस कंटेनर'. २००८ साली लिनक्स २.६.२४ मध्ये ते आलं 'कंट्रोल ग्रुप' (थोडक्यात सीग्रुप) म्हणून. म्हणजे इथं अर्थ नियंत्रणाचा आहे.

सीपीयूच्या मर्यादेसाठी मी पाटाच्या पाण्याचे शब्द वापरते. एरवी १०० मिलिसेकंदांचं एक आवर्तन. अर्ध्या कोअरची (सीपीयूच्या एका गाभ्याच्या अर्ध्या वेळेची) मर्यादा असेल तर त्यातले ५० तुमचे. संपले की पुढच्या आवर्तनापर्यंत थांबा. चार थ्रेड (एकाच कामाचे समांतर धागे) एकदम धावले तर ते साडेबारा मिलिसेकंदांतच संपतात. काम मरत नाही, रखडतं. ('पाळी' मुद्दाम टाळते, दुसरा अर्थ आधी मनात येतो.)

मेमरीला आवर्तन लागू नाही, ती जमिनीसारखी अडवून धरली जाते. मर्यादा ओलांडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य भाग, प्रोसेस मारतो आणि मागे १३७ हा एक्झिट कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) राहतो : १२८ अधिक सिग्नल ९ (सक्तीनं मारण्याचा).

दुसरा प्रतिसाद : 'वेगळी चूल' कसं वाटतं? घर एकच, तसा कर्नल एकच. व्हर्च्युअल मशीन (स्वतःचा कर्नल असलेलं आभासी यंत्र) म्हणजे वेगळं घर.

पहिल्या प्रतिसादकर्त्या : कंटेनरसाठी सुरेखच. सीपीयूच्या रिक्वेस्टला (कामानं आधी मागितलेल्या वाट्याला) मात्र चालणार नाही. चूल वेगळी झाली की सरपणही वेगळं होतं. इथं तुमचा न वापरलेला सीपीयू शेजारी वापरतो आणि ओढाताण झाली की वाट्याच्या प्रमाणात वाटणी होते. म्हणून रिक्वेस्टला 'हक्काचा वाटा' म्हणा आणि लिमिटला 'कमाल मर्यादा'. शिवाय शेड्युलर (कोणतं काम कुठं चालवायचं ते ठरवणारा कुबरनेटीसचा भाग) फक्त वाटे मोजून नोड (सर्व्हर) निवडतो, राखण नोडवरचा कर्नल करतो. तुमच्या टिपणात ही दोन्ही कामं शेड्युलरच्याच नावावर पडली नाहीत ना, ते जरूर पाहा.

प्रश्नकर्ता : पडली आहेत! तो परिच्छेद आज पुन्हा लिहितो. 'विलगीकरण' फक्त नेमस्पेसपुरतं ठेवतो.