गाडीतून करवती गेल्या, क्लेम फेटाळला. आता पॉलिसी घेताना काय काय विचारू?

शेंड्यावरचा

मंडळी, झाडं छाटणं आणि उतरवणं हा माझा धंदा. दोरावर चढून, स्वतःच्या जबाबदारीवर, खाली एक मदतनीस. बारा वर्षं झाली, दहाही बोटं अजून शाबूत आहेत.

गेल्या महिन्यात रात्री कोणीतरी पिकअपच्या हौद्यातली लोखंडी पेटी पहारीने उचकटली. चेनसॉ नुसती ठेवली तरी खाली थोडं थोडं तेल गाळत राहते, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी बघतो तर पेटीत तेलाचे तीन डाग, ज्याचा तो आपापल्या जागी, आणि करवती नाहीत. बुंध्यासाठीची लांब बारची, मधली, आणि चढताना कमरेला लटकवायची छोटी टॉप-हँडल. दोर आणि हार्नेस वाचले, कारण ते मी रोज घरात सुकत टाकतो. हेल्मेट चोराने उचलून बघितलं असावं, झाकणावर ठेवलेलं होतं. बारा वर्षांचा घाम आहे त्यात, त्यालाही नको वाटलं असेल.

क्लेम टाकला, फेटाळला गेला. कारण: रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतली हत्यारं विम्यात धरलेली नाहीत, गाडी कुलूपबंद आवारात हवी. हे पॉलिसीत खरंच लिहिलंय, सतराव्या पानावर. मी पहिलं पान वाचलं होतं. त्यावर माझं नाव बरोबर छापलं होतं, तेवढ्यावर सही केली.

आता नूतनीकरण तोंडावर आलंय म्हणून सगळे कागद काढून बसलो, तर व्यवसायाच्या रकान्यात एजंटने ‘बागकाम’ लिहिलेलं दिसलं. म्हणतो, त्यात प्रीमियम कमी बसतो. यात काही धोका आहे का?

दुसरं गाडीचं. चिपरचा, म्हणजे फांद्या बारीक करणाऱ्या यंत्राचा, चुरा भरला की गाडी मागून बसते आणि हेडलाइट झाडांचे शेंडे दाखवायला लागतात. मदतनीस म्हणतो मागच्या स्प्रिंगमध्ये एकेक पाटा वाढवू. कोणी केलंय का?

बेचक्यातला

भाऊ, चोरीचं दुःख नंतर करा, आधी ते ‘बागकाम’ खोडा. तुमच्या करवती गेल्या, त्या पुन्हा घेता येतील. उद्या फांदी कुणाच्या डोक्यात गेली तर बागकामाच्या पॉलिसीवर कंपनी विचारेल की बागकाम करणारा माणूस चेनसॉ घेऊन झाडाच्या शेंड्यावर काय करत होता. कामाचं स्वरूप लपवलं असं धरून सरळ हात वर करू शकते. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही.

माझ्यावर वेळ आली होती म्हणून सांगतो. मोठी फांदी दोराला बांधून खाली सोडत होतो. खालच्या पोराने दोर खोडाला एकच वेढा देऊन धरला होता. फांदी सुटली, दोर त्याच्या हातमोज्यांतून सरसर गेला आणि फांदी झोका घेऊन शेजाऱ्याच्या छतात शिरली. माणसं वाचली. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेयर आला, छताकडे त्याने नंतर पाहिलं, पहिला प्रश्न मला: तुम्ही जमिनीपासून किती उंचीवर होता? माझ्या पॉलिसीत १० मीटरची मर्यादा होती, मी १४ वर. छत माझ्या खिशातून झालं. त्या दिवसापासून मी फॉर्मवर ‘दोरावर चढून झाडकाम, चेनसॉसह’ असं शब्दशः लिहून घेतो आणि उंचीचा आकडा विचारतो.

मदतनीस रोजावर असला, कुठेच कागद नसला, तरी तुमच्या सांगण्यावरून तुमच्या हत्याराने काम करतो म्हणजे तो तुमचा कामगार. थर्ड पार्टी विम्यात बाहेरचा माणूस येतो, हा येत नाही. त्याच्यासाठी वेगळं संरक्षण लागतं. आणि तुम्ही स्वतः पडलात तर? थर्ड पार्टी तुमच्यासाठी नाहीच. वैयक्तिक अपघात विमा बघा, त्यातही उंचीवरचं काम वगळलेलं असतं का ते आधी.

रानवाट

विमा म्हणजे आपल्या पैशावर दुसऱ्याचा बंगला. मी एकही काढलेला नाही. नीट काम केलं की काही होत नाही.

बेचक्यातला

मीही त्या दिवशी नीटच करत होतो.

काट्यावर_चला

गाडीचं मी बोलतो. आधी लाकूड वाहतुकीत होतो, आता झाडकाम करतो.

पाटा वाढवून गाडी वर उचलली जाते, तिचं मंजूर वजन एका किलोनेही वाढत नाही. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, टायर तेच. उलट नुकसान असं की आधी बसलेली गाडी तुम्हाला सांगत तरी होती, आता ती सरळ उभी राहून खोटं बोलेल. शिवाय हा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. हौद्याच्या फळ्या उंच केल्या, हौदा उचलून माल ओतणारा टिपर बसवला, तेही.

हिशोब करा. ताजा चुरा साधारण ३०० ते ४०० किलो एका घनमीटरला. हौदा २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि फळ्यांसकट १ मीटर उंच धरला तर ३ घनमीटर, म्हणजे ९०० ते १,२०० किलो नुसता चुरा. ओली ओंडकी तर विचारू नका. भरीव ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास जातं, काही जातींचं पाण्यात बुडतं. गाडीच्या कागदावरची क्षमता यातून तुमचं वजन, मदतनिसाचं, पेटी, इंधन, दोर सगळं वजा जाऊन उरते. मागे चिपर जोडलेला असेल तर हुकावर त्याच्या दांड्याचा जो भार येतो तोही गाडीच्याच खात्यात.

एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवा. मग परत येऊन हौद्याच्या आतून रंगाने रेघ मारा. माझ्याकडे दोन रेघा आहेत, वरची चुऱ्याची, खालची ओंडक्यांची. ओंडक्यांची रेघ इतकी खाली आहे की पहिल्या आठवड्यात मला वाटलं मी चुकलो. पुन्हा काट्यावर गेलो. चुकलो नव्हतो.

गाठ_तपासा

दादा, करवतींचं वाईट वाटलं. टॉप-हँडल गेली की हात तुटल्यासारखं होतं, मला माहीत आहे.

नव्या आल्या की पहिल्याच दिवशी सिरीयल नंबराचा फोटो, बिलाचा फोटो, आणि इंजिनाच्या आवरणाच्या आतल्या बाजूला आपली खूण कोरून ठेवा. बाहेरची खूण चोर घासून टाकतो. आतली त्याला साफ करायला उघडेपर्यंत दिसत नाही, आणि चोर एअर फिल्टर साफ करत नाहीत. (काही झाडवालेही करत नाहीत, पण ते जाऊ दे.)

विचारायचं ते असं: भरपाई नव्या करवतीच्या किमतीत देणार की घसारा वजा करून? रोज चालणारी करवत कागदावर तीन-चार वर्षांत जवळपास शून्य होते. बॅटरीची करवत घेणार असाल तर बॅटऱ्या आणि चार्जर यादीत वेगळे लिहा, नाहीतर नुसती रिकामी मशीन विम्यात राहते. चिपर गाडीला जोडलेला असतानाच विम्यात आहे की सुटा उभा असतानाही?

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. नुकसानभरपाईच्या पॉलिसीत घटना घडली त्या दिवशी विमा चालू हवा की दावा आला त्या दिवशी, हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपण वर अडकलेली फांदी नजरेतून सोडली आणि ती चार महिन्यांनी वाऱ्यात पडली, तर मधल्या काळात कंपनी बदललेली असू शकते.

शेंड्यावरचा

सगळ्यांचे आभार. तीन दिवस फोनवर गेले.

‘बागकाम’ गेलं. बेचक्यातल्यांचे शब्द जसेच्या तसे फॉर्मवर आहेत, उंची २५ मीटर लिहून घेतली, मदतनीस वेगळा जोडला. प्रीमियम चांगलाच वाढला, एजंटचा आवाज तेवढाच पडला. रात्रीच्या गाडीचं कलम ते काढत नाहीत, म्हणून पेटीच रोज रिकामी करायची ठरवली. नव्या करवती रोज संध्याकाळी घरात येतात. खाली जुनं गोणपाट टाकतो, तरी फरशीवर तीन डाग उमटलेच. घरात त्यावरून वेगळी चर्चा चालू आहे.

काट्यावर गेलो होतो. नेहमीसारखी भरलेली गाडी, मदतनीस शेजारी. मंजूर वजनापेक्षा २६० किलो जास्त. आणि तो चुरा होता, ओंडकी नव्हती. मागचे ओंडक्यांचे दिवस आठवले आणि गप्प बसलो. पाट्यांचा विषय संपला. पिवळी रेघ मारली. मदतनीस रेघेकडे असा बघतो की जणू मी त्याचा पगार कापलाय.

आता प्रत्येक मोठ्या झाडाला दोन फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीचं डिझेल तुम्ही बिलात वेगळं दाखवता का?

काट्यावर_चला

नाही, भावातच धरतो. वेगळी ओळ दिसली की गिऱ्हाईक नेमकी तीच ओळ धरून घासाघीस करतं.