मॅकवर केलेली झिप विंडोजवर नीट उघडत नाही, रिपेअर सॉफ्टवेअर घ्यावं का?

बोरू

नमस्कार मंडळी. आजोबांच्या हस्तलिखित वह्या मावसभावाने स्कॅन केल्या, वर्षवार फोल्डर केले आणि सगळ्याची एक झिप करून मला लिंक पाठवली. त्याच्याकडे मॅक आहे, माझ्याकडे घरातला जुना डेस्कटॉप, विंडोज १०. डाउनलोड व्यवस्थित पूर्ण झालं, पण पुढे घोडं अडलंय.

विंडोजचं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' मध्येच एरर देऊन थांबतं. सेव्हन-झिप (झिप उघडायचं फुकट सॉफ्टवेअर) शेवटपर्यंत जातं, पण काही पानांपुढे 'सीआरसी फेल्ड' असं लिहितं. ती पानं उघडली तर वरचा अर्धा भाग ठीक, खाली नुसते राखाडी-गुलाबी पट्टे. भाऊ म्हणतो त्याच्याकडे सगळं बरोबर उघडतं. एक खटकलं ते म्हणजे साइझ: त्याच्याकडे फाइल ४.१० जीबी दिसते, माझ्याकडे ३.८२ जीबी.

परवा १९६२ ची वही बिघडलेली आली होती. काल पुन्हा काढली तर ती चक्क नीट आली आणि १९७१ ची बिघडली. नेटवर एक झिप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर सापडलंय, फुकटात फक्त यादी दाखवतं, फाइली काढायचे पैसे. घेऊ का?

घाईत_आहे

साइझ कमी आहे म्हणजे डाउनलोड अर्धवट झालंय, सरळ आहे. वायफाय सोडा, केबल लावा आणि परत उतरवा.

खटपट्या

घाईत_आहे, थांबा जरा. चार जीबी परत उतरवायला लावण्याआधी भागाकार करून बघू. मॅक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज जीबी लिहितं, पण मोजतं १०२४ च्या हिशेबाने, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख आणि वर थोडे. ४.१० ला १.०७४ ने भागा, ३.८२ येतात. फाइल बहुतेक तेवढीच आहे. खात्री करायची तर बोरूताई, फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि कंसात बाइटचा जो लांबलचक आकडा असतो तो भावाकडच्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळवा.

शिवाय झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते. अर्धवट उतरलेल्या फाइलीला शेपूटच नसतं, त्यामुळे विंडोज ती उघडायलाच नकार देतं आणि सेव्हन-झिप 'अनएक्स्पेक्टेड एंड' अशी तक्रार करतं. तुमच्याकडे यातलं काही झालेलं नाही.

मला तुमच्या प्रश्नातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती १९६२ आणि १९७१ ची. झिप करताना प्रत्येक फाइलीचा सीआरसी-३२ नावाचा एक आकडा काढून सोबत ठेवलेला असतो, हिशेबाच्या पानाखाली बेरीज मांडून ठेवावी तसा. उघडताना तो पुन्हा काढतात, जुळला नाही की 'सीआरसी फेल्ड'. आता फाइलच खराब असती तर दर वेळी त्याच पानावर अडली असती. काल नासलेलं पान आज आपोआप बरं होत नाही. बिघाड जागा बदलतोय म्हणजे संशय कॉम्प्युटरवर जातो.

दोन गोष्टी करा. सेव्हन-झिपमध्ये फाइल निवडून 'टेस्ट' दाबा, काय येतं ते लिहून ठेवा, आणि परत दाबा. मग राइट क्लिकच्या मेनूत 'सीआरसी एसएचए' आहे, त्यातून एसएचए-२५६ (अख्ख्या फाइलीवरून काढलेला असाच एक लांब आकडा) काढा, तोही दोनदा. फाइलीला हात न लावता हा आकडा बदलूच शकत नाही. बदलला तर इथे येऊन सांगा.

रिपेअरवाल्यांना पैसे अजिबात देऊ नका. ही सॉफ्टवेअरं फार तर तुटलेली अनुक्रमणिका नव्याने बांधतात. आतला बिघडलेला मजकूर ती कुठून आणणार?

बोरू

बाइट तंतोतंत जुळले. टेस्ट केली, पहिल्यांदा १९५८ मधलं एक पान आणि १९७१ मधली दोन, दुसऱ्यांदा फक्त १९६४ मधलं एक. एसएचए-२५६ दोन्ही वेळा वेगळा!! पहिली चार अक्षरंसुद्धा जुळत नाहीत.

आता घाबरायचं का? बाकी कॉम्प्युटर छान चालतो. गेल्या महिन्यात रॅमची एक जास्तीची पट्टी बसवून घेतली तेव्हापासून तर उलट भरभर चालतोय.

खटपट्या

पट्टी. ही गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलीत!

एसएचएचं म्हणाल तर ते बरोबरच आहे, एक बिट बदलला तरी अख्खा आकडा पालटतो, त्यावरून बिघाड केवढा ते कळत नाही. 'बाकी छान चालतो' याचंही उत्तर आहे. विंडोज मोठी फाइल वाचताना मोकळी पडलेली रॅम कॅशे म्हणून, म्हणजे तात्पुरती साठवण म्हणून वापरतं. रोजच्या कामात रॅमच्या ज्या कोपऱ्यात कुणी फिरकत नाही, तिथपर्यंत चार जीबीची झिप जाते. आणि कॉम्प्रेस केलेल्या डेटात एक बिट उलटला की त्या फाइलीचं पुढचं सगळं ढासळतं, तेच तुमचे गुलाबी पट्टे. साध्या टेक्स्ट फाइलीत हाच बिट उलटला असता तर एक अक्षर चुकलं असतं, आणि तुम्हाला टायपो वाटला असता.

स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन तपासणी करेल. त्यात काही सापडलं नाही म्हणजे रॅम निर्दोष, असं मात्र समजू नका. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवलेला जास्त भरवशाचा. आणि सगळ्यात सोपा उपाय: कॉम्प्युटर बंद, प्लग काढा, नवी पट्टी उतरवा, एसएचए परत दोनदा.

तोवर या कॉम्प्युटरवर महत्त्वाचं काही सेव्ह करू नका. वाचताना होते ती गडबड लिहितानाही होऊ शकते, आणि तेव्हा कुठलीही खिडकी उघडून 'सीआरसी फेल्ड' सांगत नाही.

हार्डडिस्कवाला

हार्ड डिस्क किंवा तिची साटा केबल असू शकते हेही डोक्यात असू द्या. पण अनुभवाने सांगतो, डिस्क खराब असली की बहुतेकदा वाचतानाच एरर येते किंवा सगळं रेंगाळतं. गुपचूप चुकीचा बिट देणं ही रॅमची खोड. पट्टी काढून फरक पडला नाही तर केबल बदलून बघा, स्वस्तातलं काम आहे.

बोरू

पट्टी काढली. एसएचए दोन्ही वेळा सारखा, आणि भावाने मॅकवर काढलेल्या आकड्याशीही जुळला. सगळी पानं निघाली, एकही तक्रार नाही. खटपट्या, तुमचे उपकार आहेत. घाईत_आहे, तुमचेही आभार, केबल लावून बसले होते मी. :)

आता नवीन तिढा. फोल्डरांची नावं मराठीत होती, ती अशी दिसतात: ग्रीक अल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, मग काहीतरी, परत अल्फा, परत तोच एन... शिवाय 'मॅकओएसएक्स' नावाचं एक फोल्डर आलंय, त्यातली पानं उघडतच नाहीत. ही पण रॅम?

खटपट्या

नाही, ही रॅम नाही. झिप हा १९८९ चा फॉरमॅट, फिल कॅट्झने काढलेला. अजूनही झिप फाइलीच्या सुरुवातीला त्याची आद्याक्षरं 'पीके' असतात. तेव्हा नावं डॉसच्या कोडपेज ४३७ मध्ये (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याची जुनी यादी) लिहायची पद्धत होती. पुढे यूटीएफ-८ ची, म्हणजे सगळ्या लिप्या लिहिता येणाऱ्या पद्धतीची सोय झाली, पण नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं सांगणारी एक खूण फाइलीत करावी लागते. मॅकची स्वतःची झिप नावं यूटीएफ-८ मध्येच लिहिते, खूण करायची राहते, आणि विंडोज जुन्या पद्धतीने वाचतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, त्यातले पहिले दोन बहुतेक वेळा तेच ते. म्हणून तुम्हाला अल्फा आणि एनची माळ दिसते.

विनरारमध्ये झिप उघडा, ऑप्शन्स मेनूत 'नेम एन्कोडिंग' मध्ये यूटीएफ-८ निवडा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा. चाचणी मुदतीची आवृत्ती पुरेशी आहे. ते 'मॅकओएसएक्स' फोल्डर खुशाल उडवा, त्यात मॅकने स्वतःसाठी ठेवलेली जादा माहिती असते, पानं नसतात.

बोरू

नावं दिसली! एक शेवटचं विचारते. ती पट्टी असताना मी फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेऊन त्यांच्याही झिप केल्या होत्या. त्या टेस्ट केल्या की झालं ना?

खटपट्या

टेस्ट कराच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. फोटो कॉपी होतानाच बिट उलटला असेल तर झिपने त्या बिघडलेल्या फोटोचाच सीआरसी काढून ठेवला, आणि टेस्ट 'सगळं ठीक' म्हणेल. फोनवर मूळ फोटो अजून असतील तर ते पुन्हा घ्या आणि नव्या झिप करा. फोनवरून काढून टाकले असतील तर झिप उघडून एकेक फोटो डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. आणि पट्टी वॉरंटीत असेल तर बदलून घ्या, मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो काढून सोबत द्या.