मदत हवी आहे: जिम्नीला पुढचा बंपर अ‍ॅल्युमिनियमचा की स्टीलचा?

खडकवाट
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. गाडी सुझुकीची जिम्नी, पाच दारांची, मॅन्युअल. पुढचा प्लॅस्टिकचा बंपर काढून धातूचा बसवायचा आहे. दुकानदार म्हणतो स्टील घ्या, डोळे मिटून. ऑफिसातला एक जण स्टीलचं नावही काढू देत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा भाव बराच जास्त आहे, पण अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. शुक्रवारपर्यंत ऑर्डर गेली नाही तर निघायच्या आधी बसवून मिळणार नाही. प्रवास लांबचा आहे आणि त्यातला बराच रस्ता कच्चा. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनी सांगा. जिम्नीच का, थार का नाही, हे कृपया इथे नको.

सह्यभटक्या
धातू नंतर ठरवा, आधी कायदा बघा. ७ डिसेंबर २०१७ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून बुलबार (गाडीपुढचा धातूचा जाड बार) आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये हा बदल बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ बदललं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोक सर्रास लावतात हे मला माहीत आहे. पण पुढून ठोकर बसली तर एअरबॅग ठरलेल्या क्षणी उघडेल का, हे लोकल फॅब्रिकेटर सांगू शकत नाही. कोणत्या जिल्ह्यातली पासिंग आहे तुमची?

पत्रेवाले काका
भोसरीत फॅब्रिकेशन करतो, आयुष्य पत्र्यात गेलं. स्टील घ्या. ३ एमएमचा पत्रा, आतून गसेट (तिकोनी आधाराचे तुकडे), वर पावडर कोटिंग. विषय संपला. स्टील वाकतं, अ‍ॅल्युमिनियम फाटतं. वाकलेलं गरम करून, ठोकून सरळ होतं आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात वेल्डिंगवाला बसलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमला टिग मशीन लागतं, आर्गॉन लागतो, आणि हात बसलेला माणूस लागतो. तो रानात कुठून आणणार? फोटो टाका, माप सांगतो.

खडकवाट
पर्थला राहतो, पासिंगचा प्रश्न नाही. बुलबार इथे चालतो. प्लीज धातूबद्दल बोला.

सह्यभटक्या
अहो, ऑस्ट्रेलियात आहात हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. माझं कायद्याचं सगळं बाद. बाकी तुमची पाच दारी तिकडे इथूनच येते, गुरुग्रामच्या कारखान्यातून.

नीलमोहर
मी ब्रिस्बेनला असते, आमच्या घरात दोन्ही प्रकार वापरून झालेत. चालतो म्हणजे कुठलाही चालतो असं नाही. तुमच्या मॉडेलसाठी तपासलेला, एडीआरला (इथल्या गाडीबांधणीच्या नियमांना) धक्का न लावणारा बार पाहिजे, म्हणजे एअरबॅगचं गणित बिघडत नाही. धारदार कडा चालत नाहीत. विमा कंपनीला लेखी कळवायचं.
आता हे सांगा:
कुठे चाललात आणि कोणत्या महिन्यात?
गाडीत माणसं किती?
विंच (रुतलेली गाडी ओढायची दोराची चरखी) लावणार आहात का?
छतावर कॅरिअर आहे का?
याशिवाय कोणीही दिलेलं उत्तर अंदाजपंचे असेल.

मांडवीकाठ
गोव्यातून सांगतो. समुद्रकिनारी गाडी घालणार असाल तर स्टीलचं कोटिंग एकदा दगडाने उडालं की दुसऱ्या पावसाळ्यात आतून पापुद्रे निघतात. माझ्या जुन्या जिप्सीचा बंपर वरून काळाकुळकुळीत दिसायचा आणि खाली हात लावला की गंजाचा भुगा बोटांना लागायचा. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही. घ्या तेच.

धातुवेडी
मांडवीकाठ, अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पण खाऱ्या पाण्यात ते खराब होतंच. विशेषतः स्टीलच्या बोल्टला थेट टेकलेलं असेल तर. दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं, बोल्टच्या भोकाभोवती पांढरी पूड दिसते. अ‍ॅल्युमिनियमचे बुलबारही बहुतेक करून चॅसीला स्टीलच्याच ब्रॅकेटने धरलेले असतात, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर आहे की नाही हे दुकानातच वाकून बघा.

मी कोल्हापूरच्या फाउंड्रीत धातूच तपासते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. स्टीलची घनता ७.८५, अ‍ॅल्युमिनियमची २.७. म्हणजे एका चौरस मीटरला ३ एमएम स्टीलचं वजन साडेतेवीस किलो, ४ एमएम अ‍ॅल्युमिनियमचं पावणेअकरा. पण अ‍ॅल्युमिनियम साधारण तिपटीने लवचीक. सपाट पत्र्याला तेवढाच ताठपणा हवा असेल तर जाडी सुमारे १.४ पट घ्यावी लागते, ३ ऐवजी सव्वाचार. तरी वजन निम्म्याच्या आसपास राहतं. "अ‍ॅल्युमिनियम कमकुवत" हे सरसकट खरं नाही. जाडी आणि घडी कशी दिली आहे त्यावर आहे.

पण खरी शंका वेगळी आहे. काकांनी ठोकर धरली, मी कंपन धरते. स्टीलला एका मर्यादेच्या आतला ताण लाखो वेळा दिला तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी खालची मर्यादाच नाही, छोटा ताणही खूप वेळा बसला की कधीतरी तडा जातो, आणि तो वेल्डच्या शेजारी जातो. मिश्रधातू ६०६१-टी६ असेल तर वेल्डलगतचा पट्टा उष्णतेने मऊ पडलेला असतो. ५०८३ सारख्या ५००० मालिकेच्या मिश्रधातूत तो त्रास बराच कमी. दुकानदाराला मिश्रधातूचा नंबर विचारा. सांगता आला नाही तर तिथून घेऊ नका.

पत्रेवाले काका
ताई, नंबर कागदावर ठीक आहेत. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमची किती भांडी, किती टाक्या तडकून आल्यात ते मी डोळ्यांनी पाहतो. आणि कांगारू आडवं आलं की घनता विचारणार आहे का?

धातुवेडी
काका, तुमच्याकडे तडकलेलंच येतं, न तडकलेलं कोण कशाला आणेल? तुमचा हातचा अनुभव मला मान्य आहे, निष्कर्ष नाही.

थारप्रेमी
राग मानू नका, पण जिम्नीला एवढा खर्च करण्यापेक्षा ती विकून मोठी गाडी घेतलेली बरी. माझ्या थारला स्टीलचा बंपर आणि विंच लावून दोन पावसाळे झाले, काही फरक जाणवत नाही. एसी पण मस्त आहे.

खडकवाट
थार इथे मिळत नाही आणि मी विचारलंही नव्हतं.
नीलमोहर, घ्या उत्तरं. जुलैच्या सुट्टीत वायव्येकडचा कच्चा गिब रिव्हर रोड, डर्बी ते कुनुनुरा, पर्थहून गाडी चालवतच. विंच घ्यायचा विचार आहे. कॅरिअर आहे. आम्ही चौघं. सांगलीहून आई-बाबा आलेत, त्यांना तो किंबर्ली भाग दाखवायचाय. बाबा ७१ वर्षांचे आहेत, परत कधी येणं होईल सांगता येत नाही, म्हणून हीच सुट्टी. आता स्टील की अ‍ॅल्युमिनियम?

नीलमोहर
आता चित्र स्पष्ट झालं, आणि धातूच्या आधी वजनाचा हिशेब करावा लागेल.

जिम्नी पाच दारीचं जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामानासकट कमाल वजन, १५४५ किलो. रिकामी गाडी साधारण १२००. उरले साडेतीनशेच्या आत. चार माणसं किमान २७०. उरले सत्तर-पंचाहत्तर. त्यातून कॅरिअर वजा करा. २० लिटर पेट्रोलचा कॅन १५ किलो, २० लिटर पाणी २० किलो. गाडीची टाकी ४० लिटरची आणि डर्बीनंतर माउंट बार्नेटचा पंप ३०० किलोमीटरवर, तेव्हा तो कॅन ऐच्छिक नाही. तंबू, स्टोव्ह, दुसरं स्टेपनी, आईंची बॅग अजून मोजलीच नाही.

यात स्टीलचा बार चाळीस-पन्नास किलो आणि विंच पंचवीसच्या आसपास, तेही अगदी पुढे, चाकांच्याही पुढे लटकलेलं. पुढच्या स्प्रिंगा बसतील, हेडलाइट खाली झुकतील, ब्रेकला अंतर जास्त लागेल. आणि जीव्हीएम ओलांडून अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको.

माझं मत: स्टील नाही. चौघं एकाच जिम्नीत असाल तर अ‍ॅल्युमिनियमही नाही.

पत्रेवाले काका
मग स्प्रिंगा कडक टाका पुढच्या. दोन तासांचं काम.

नीलमोहर
काका, कडक स्प्रिंगने गाडी वर उचलली जाते, पण कागदावरचं जीव्हीएम तेच राहतं. ते वाढवायचं तर प्रमाणित किट लागतं, इंजिनिअरची मंजुरी लागते. शुक्रवारपर्यंत होणार नाही.

सह्यभटक्या
एक प्रश्न. बंपर नेमका कशासाठी हवाय? गाडी चढावर टेकू नये म्हणून, की जनावरासाठी, की विंच धरायला? तिन्हीचं उत्तर वेगळं. ओढून काढायचं असेल तर चॅसीला घट्ट बसवलेले रिकव्हरी हुक आणि ओढदोरी पुरते, त्याला बंपर लागत नाही. बंपरला दोर बांधून गाडी ओढताना बंपरच उपटून आलेला मी पाहिलाय, समोरच्या गाडीची काच गेली.

खडकवाट
जनावरासाठी. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याच्या गाडीवर संध्याकाळी कांगारू आलं, रेडिएटर फुटला, आणि तो रात्रभर रस्त्यात. आई-बाबा सोबत असताना मला ते नको आहे. विंच सगळेच लावतात म्हणून यादीत होता.

नीलमोहर
मग विंच आजच यादीतून काढा. जुलैत तिकडे कोरडा मोसम, रस्ता वाहता असतो, रुतलात तर मागून कोणीतरी येतं.
जनावरांचं म्हणाल तर, कांगारू पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास रस्त्यावर येतात. त्या वेळात गाडी उभी ठेवायची, एवढ्याने बराचसा धोका जातो. आणि उत्तरेत खरी भीती गुरांची. तिकडच्या मोठ्या स्टेशनांना (गुरं पाळायच्या रानांना) रस्त्याकडेला कुंपण नसतं. चार-पाचशे किलोचा बैल बाराशे किलोच्या गाडीपुढे आला तर स्टीलही उपयोगाचं नाही.

धातुवेडी
आणि गिबचा रस्ता सुमारे ६६० किलोमीटर, त्यातला बराचसा पत्र्याच्या छपरासारखा आडव्या लाटांचा. मी वर कंपनाबद्दल लिहिलं ते याच रस्त्याला लागू आहे. अ‍ॅल्युमिनियमने ते करायचं असेल तर टायरमधली हवा उतरवा, वेग कमी ठेवा, रोज मुक्कामी वेल्डवरून ओलं फडकं फिरवून तडा बघा. धुळीखाली केसाएवढा तडा दिसत नाही.

मांडवीकाठ
गिबच्या वाटेवरची पेंटेकोस्ट नदी गाडीनेच ओलांडायची ना? तिथे पाण्यात उतरून खोली बघायला जाऊ नका हं, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. बाबांना आधीच सांगून ठेवा, आपल्याकडच्या माणसाला नदी दिसली की पाय धुवावेसे वाटतात.

थारप्रेमी
आई-बाबांसाठी टूर पॅकेज का नाही बघत?

खडकवाट
आज वजनकाट्यावर गेलो. टाकी भरलेली, कॅरिअर वर, आत मी एकटा: १३१० किलो. म्हणजे अजून तिघं बसले की सामानाला पस्तीसच्या आसपास उरतात. नीलमोहरताईंचा हिशेब बरोबर निघाला, खरं तर थोडा उदारच होता.

बायकोशी बोललो. आई-बाबा विमानाने डर्बीच्या अलीकडे ब्रूमला येतील. आम्ही दोघं पर्थहून जिम्नीने तिथे जातो, दोन हजार किलोमीटरच्या वर डांबरी रस्ता आहे, आणि कांगारूंची भीती मुख्यतः त्याच टप्प्यात. ब्रूमला मोठी फोर बाय फोर भाड्याने, करारात गिब रोडची परवानगी लेखी असेल अशीच, आणि पुढे चौघं त्यातून. जिम्नी ब्रूमला ओळखीच्यांकडे ठेवू. दोघांच्या वजनात अ‍ॅल्युमिनियमचा बार आरामात बसतो. दुकानदाराला मिश्रधातूचा नंबर विचारला, त्याने कंपनीला फोन लावून ५०८३ सांगितला. नायलॉनचे वॉशर सोबत येतात. ऑर्डर दिली. विंच नाही.

नीलमोहर
उत्तम. भाड्याच्या गाडीचे दोन्ही स्टेपनी आणि जॅक ताब्यात घेतानाच तपासा. विमा कंपनीला बारबद्दल ईमेल विसरू नका.

पत्रेवाले काका
मी असतो तर स्टीलच घेतलं असतं. असो. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळा, टॉर्क रेंचने, अंदाजाने नाही. बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवा, सैल झाला की लांबूनच दिसतो. आणि जुना प्लॅस्टिकचा बंपर क्लिपांसकट जपून ठेवा, गाडी विकताना लागेल.