दादाभाईंची खासदारकी: मतं पाच की तीन, आणि ठराव होऊनही परीक्षा इथं का झाली नाही?

दिग्रसकर:
नमस्कार मंडळी. गावच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी दादाभाई नौरोजींच्या ब्रिटिश पार्लमेंटातल्या कारकिर्दीवर मजकूर तयार करतो आहे. तीन ठिकाणी गाडी अडली. एका पुस्तकात ते ५ मतांनी निवडून आले असं आहे, दुसऱ्यात ३. आयसीएसची (इंग्रजांच्या काळातल्या वरिष्ठ सरकारी नोकरीची) परीक्षा भारतातही घ्यावी हा ठराव १८९३ मध्ये मंजूर झाला म्हणतात, मग परीक्षा सुरू काहून झाली नाही? आणि खासदारकी तीनच वर्षांत कशी संपली, राजीनामा दिला होता का? पोरं खोदून विचारतात, म्हणून नेमकं सांगा जी.

जुने_कागद:
दोन्ही आकडे बरोबर आहेत, दोन टप्प्यांचे आहेत. जुलै १८९२, मतदारसंघ सेंट्रल फिन्सबरी, लंडन. दादाभाई लिबरल पक्षाचे, समोर हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन. पहिल्या मोजणीत २,९६१ विरुद्ध २,९५६, म्हणजे ५ मतं. फेरमोजणीत फरक ३ वर आला. 'जाहीर निकाल ५, फेरमोजणीनंतर ३' असं लिहा. नौरोजी या नावावर कोटी करून लोक त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' (निसटतं बहुमत) म्हणू लागले, ते यावरूनच.

मतदार म्हणजे फक्त पुरुष, तेही घराचा किंवा भाड्याचा हक्क असलेले. मतदान गुप्त, कारण तो कायदा १८७२ मध्येच झाला होता. पोस्टरवर 'डिपॉझिट' हा शब्द येऊ देऊ नका. अनामत रकमेची पद्धत १९१८ मध्ये आली. त्याआधी मतदानकेंद्रं आणि निवडणूक अधिकाऱ्याचा खर्चच उमेदवारांना वाटून भरावा लागे. खासदाराला पगारही नव्हता. वर्षाला ४०० पौंड सुरू झाले ते १९११ मध्ये. उमेदवारी ते पराभव, सगळा भार स्वतःच्या आणि देणगीदारांच्या पैशावर.

१८८६ ची होबर्नची हारही जरूर घ्या. जागा हुजूर पक्षाची, तयारीला वेळ नाही, आणि आयर्लंडच्या स्वराज्यावरून लिबरल पक्ष फुटलेला. त्यानंतर फिन्सबरीत त्यांनी वर्षानुवर्षं दारोदार काम केलं. तिथेही पक्षातल्याच दुसऱ्या उमेदवाराचा दावा बराच काळ अंगावर होता. हे गाळलं तर १८९२ चा विजय नुसता नशिबाचा वाटतो, आणि तो तसा नव्हता.

संसदवाचक:
ठरावाचं सांगतो. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

२ जून १८९३ ला ठराव मांडला तो हर्बर्ट पॉल या लिबरल खासदाराने. दादाभाई त्यावर बोलले, पण 'दादाभाईंनी मांडला' लिहिलं तर चूक. निकाल ८४ विरुद्ध ७६. सभागृहात तेव्हा ६७० जागा होत्या, म्हणजे पाऊणहून जास्त सभासद मतदानात नव्हतेच. सरकारचा विरोध असूनही ठराव मंजूर झाला, तो म्हणूनच.

आता मुद्दा असा, की हा ठराव होता, विधेयक नव्हतं. विधेयक दोन्ही सभागृहांतून जाऊन राणीची संमती मिळाली की कायदा होतो. ठराव म्हणजे एका सभागृहाचं मत, सरकारला बंधन नाही. ग्रामसभेनं ठराव घेतला आणि वरून मंजुरीच आली नाही, तर काम जसं कागदावर राहतं, तसंच. इंडिया ऑफिसनं (लंडनमधल्या भारतमंत्र्याच्या खात्यानं) तो भारत सरकारकडे अभिप्रायाला पाठवला, तिथून प्रांतांकडे गेला, बहुतेक प्रांत-सरकारांनी विरोध कळवला आणि १८९४ मध्ये भारतमंत्री फाउलर यांनी तो बाजूला ठेवला. भारतात आयसीएसची परीक्षा पहिल्यांदा झाली १९२२ मध्ये, अलाहाबादला.

मग खासदार सरकारला अडवू शकत नव्हते का? एरवी मंत्र्याच्या पगारात कपात सुचवून त्याला सभागृहात उभं करता येतं. भारतमंत्र्याचा पगार मात्र ब्रिटिश तिजोरीतून नव्हताच, तो भारताच्या महसुलातून जाई. त्यामुळे तो पगार सभागृहात मतदानाला येतच नसे. भारताचा अर्थसंकल्प वर्षातून एकदा, अधिवेशनाच्या शेवटी, रिकाम्या बाकांपुढे चर्चेला येई. माझ्या मते भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरात हेच यायला हवं. भारताची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते हे दादाभाई आयुष्यभर सांगत होते, आणि तिचा हिशोब मागायला त्या सभागृहात दारच नव्हतं.

म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. १८९३ मध्ये वेडरबर्न या ब्रिटिश खासदाराबरोबर भारताच्या बाजूच्या खासदारांची समिती उभी केली, आणि १८९५ मध्ये भारताच्या खर्चाची तपासणी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला त्यात ते सदस्य होते. सदस्य असून त्यांनी साक्षही दिली. अहवाल १९०० मध्ये आला. दादाभाई, वेडरबर्न आणि आयोगातलेच केन यांनी वेगळं मत नोंदवलं.

आर्णीचा_वाचक:
तिसरा प्रश्न राहिला. राजीनामा नाही. तेव्हा पार्लमेंटची कमाल मुदत ७ वर्षं होती, पण सरकार पडलं. २१ जून १८९५ ला कॉर्डाइट या बंदुकीच्या दारूचा साठा अपुरा आहे म्हणून युद्धमंत्र्याच्या पगारात कपात सुचवली गेली, आणि सरकार ७ मतांनी हरलं. पंतप्रधान रोझबेरींनी राजीनामा दिला, जुलैमध्ये निवडणूक झाली. त्या लाटेत लिबरल पक्ष देशभर कोसळला, फिन्सबरीही गेली. १९०६ मध्ये नॉर्थ लॅम्बेथमधून दादाभाई पुन्हा उभे राहिले, तिथेही यश आलं नाही.

'पहिले भारतीय खासदार' लिहिताना एक खबरदारी. सरधना संस्थानच्या बेगम समरूचा वारस डाइस सोंब्र हा मिश्र वंशाचा माणूस १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आला होता. लाचखोरीमुळे १८४२ मध्ये ती निवडणूकच रद्द झाली. लालमोहन घोष १८८५ मध्ये डेप्टफर्डमधून लढले, पण हरले.

दिग्रसकर:
फार मोलाचं दिलंत. त्यांचं पहिलं भाषण मुळातून वाचायचं तर ते शब्दशः मिळेल का?

जुने_कागद:
९ ऑगस्ट १८९२, राणीच्या भाषणावरची चर्चा. हॅन्सार्ड, म्हणजे पार्लमेंटातल्या चर्चांचा वृत्तांत, इंटरनेटवर फुकट आहे. तारीख टाकून शोधा, कारण नावाचं स्पेलिंग जुन्या छपाईत बदलतं आणि नावानं शोधलं की निम्मं हाती लागत नाही. मात्र शब्दशः समजू नका. पूर्ण अधिकृत वृत्तांत १९०९ पासूनचा. त्याआधी वर्तमानपत्रांवरून जुळवाजुळव होई, काही भाषणं 'ते म्हणाले की' अशी येतात. म्हणून अवतरणचिन्हात वाक्य टाकायचं असेल तर खाली 'हॅन्सार्डच्या वृत्तांतानुसार' एवढं लिहा.

आणि नकाशा काढणार असाल तर १८९२ चा काढा. दिग्रस तेव्हा वऱ्हाडातल्या वणी जिल्ह्यात, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे (निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे). नागपूर मध्य प्रांतात. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं १९०३ मध्ये.