फ्लोरिडातून पोर्तो रिकोला राहायला गेल्यावर मतदानाचा हक्क टिकतो का?

दर्यावर्दी:
अमेरिकन नागरिक आहे, फ्लोरिडाच्या मतदार यादीत नाव आहे. मुक्काम कायमचा सान हुआनला हलवला, तर अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी फ्लोरिडाची टपाली मतपत्रिका मिळत राहते का? परदेशी स्थायिक झालेल्यांना मिळते म्हणून विचारतोय. ग्वाम आणि सायपानला हाच नियम आहे का?

कलमदान:
पोर्तो रिकोला गेल्यावर मिळत नाही. तोच माणूस पॅरिसला गेला असता, तर १९८६ च्या परदेशस्थ मतदार कायद्यानुसार फ्लोरिडा त्याला मतपत्रिका पाठवत राहिलं असतं, परतायचा विचार नसला तरी. पण या कायद्याच्या व्याख्येत पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटं आणि अमेरिकन सामोआ हे सगळं अमेरिकेतच मोडतं, म्हणजे तिथे गेलेला माणूस परदेशस्थ ठरत नाही. आणि बेटाचा रहिवासी म्हणून अध्यक्षासाठी मत देता येत नाही, कारण घटनेने इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, फक्त राज्यांना दिलेत आणि ही बेटं राज्यं नाहीत. वॉशिंग्टन डीसीला ३ इलेक्टर मिळाले तेही १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीमुळे.

सायपानची गोष्ट वेगळी. ते उत्तर मारियाना बेटांपैकी एक, आणि उत्तर मारियाना बेटांचं नाव त्या व्याख्येत नाही. कायदा ऑगस्ट १९८६ चा, आणि बेटांवरची संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त व्यवस्था अमेरिकेने संपल्याचं जाहीर केलं नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे राज्यातून सायपानला गेलेला नागरिक जुन्या राज्यात मत देऊ शकतो, शेजारच्या ग्वामला गेलेला नाही. इतक्या मूलभूत हक्काचा निकाल एका व्याख्येतल्या यादीवर लागावा, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. २०२० च्या जनगणनेत पोर्तो रिकोची लोकसंख्या ३२ लाखांहून जास्त होती आणि तिथल्या लोकांना नागरिकत्व १९१७ पासून आहे. तरी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, त्यांचा एकच प्रतिनिधी, रेसिडेंट कमिशनर. तो समितीत मत देतो, विधेयक सभागृहात अंतिम मताला आलं की नाही.

खलाशीकाका:
व्यवहारात सगळं अडतं ते 'कायमचा' या शब्दावर. शिक्षणासाठी किंवा ठरावीक मुदतीच्या कामासाठी गेलात आणि परत यायचं नक्की असेल, तर रहिवास फ्लोरिडाचाच राहतो. टपाली मतपत्रिका सान हुआनच्या पत्त्यावर मागवता येते. मात्र ती मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत निवडणूक कार्यालयात पोचलीच पाहिजे, टपालाचा शिक्का धरत नाहीत. परदेशातून येणाऱ्या मतपत्रिकांना फ्लोरिडा १० दिवसांची सवलत देतं, ती बेटावरच्या लोकांना नाही. पुष्कळ मतं इथेच बाद होतात.

सैनिक आणि त्यांच्याबरोबर राहणारे जोडीदार यांचं वेगळं आहे. ग्वामच्या तळावर असले तरी मूळ राज्याचे मतदार राहतात. नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी करणारा फेडरल पोस्टकार्ड अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा, अर्ज वेळेत गेला तर मतपत्रिका निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी निघते.

करसवलतीसाठी बेटावर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पोर्तो रिकोचे खरे रहिवासी आहोत असं कर खात्याला दाखवायचं, वर्षाचं उत्पन्न ७५ हजार डॉलरच्या वर असेल तर ८८९८ नंबरचा फॉर्म भरायचा, आणि मत फ्लोरिडात द्यायचं, हे जमत नाही. तुमचा घनिष्ठ संबंध कुठे आहे हे ठरवताना मतदान कुठे करता हेही बघतात.

सप्तसिंधू:
सामोआचा मुद्दा राहिला. तिथे जन्मलेले बहुतेक लोक अमेरिकन नॅशनल असतात, नागरिक नसतात. अमेरिकन पासपोर्ट हातात असला तरी राज्यात मतदार नोंदणी करताना 'नागरिक आहे' या चौकोनात खूण करू नये. अलास्कात अशांवर खटले भरले गेलेत. आधी रीतसर नागरिकत्व घ्यायचं, मग नोंदणी.

दुसऱ्या देशांनी हे सोडवलंय. रेयुनियो, ग्वादलूप या फ्रान्सच्या दूरच्या बेटांवरचे लोक फ्रान्सच्या अध्यक्षासाठी थेट मत देतात. डेन्मार्कच्या संसदेत ग्रीनलंड आणि फेरो बेटांचे प्रत्येकी २ खासदार आहेत.

दर्यावर्दी:
उलट दिशेने कसं? सान हुआनचा माणूस ऑर्लँडोला आला तर?

कलमदान:
त्याला पूर्ण हक्क मिळतो. हक्क जन्मगावावर नाही, रहिवासावर आहे. ऑर्लँडोत राहायला आल्यावर ऑरेंज काउंटीत नोंदणी करायची, वर्ष-सहा महिने थांबावं लागत नाही. फक्त ती मतदानाच्या किमान २९ दिवस आधी व्हायला हवी, नाहीतर ती निवडणूक हुकते.